डब्यावरचं तोंड

मित्रांनो, ही हकिगत २०१९ सालच्या उन्हाळ्याची. मी एक जुना फ्लेक्स आहे. चौकात टांगतात ना, तसला. माझा जन्म नांदेडच्या एका छापखान्यात झाला आणि जन्मतःच मला माझी किळस आली. शाईचा उग्र वास अंगाला होताच, पण किळस त्याची नव्हती. माझ्यावर जे छापलं होतं, त्याची होती.

गडद मरून रंगावर मधोमध एक भलंमोठं तोंड. काळा चष्मा, दाट केस. प्रत्यक्षात त्या माणसाच्या डोक्यावर एवढे केस नव्हतेच. खाली लिहिलेलं, ‘गोरगरिबांचे आधारवड, युवकांची धडकन, हरिओमभाऊ यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा.’ शुभेच्छा देणाऱ्यांची लांबलचक रांग होती आणि तो सगळा खर्च हरिओमभाऊंनी स्वतःच केला होता. छापखान्यात एक म्हातारे पेंटर बसून असत. ते म्हणत, “आमच्या टायमाला कापडावर हातानं लिवायचो. काम झालं की बाया त्याच्या पिशव्या शिवायच्या.” ते ऐकून मला त्या कापडांचा हेवा वाटे.

भोकरच्या चौकात मला टांगलं. वाढदिवस झाला, केक कापला, निम्मा एकमेकांच्या तोंडाला फासला. नंतर मला उतरवायला कोणी फिरकलं नाही. लोक माझ्या आडोशाला उभे राहून थुंकत. हरिओमभाऊंच्या शर्टावर पिचकाऱ्यांचे ओघळ वाळले. आधारवडाच्या बुंध्याशी कुत्री पाय वर करून जात. शी! अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

हरिओमभाऊंचा धंदा हळद शिजवण्याचा. शेतातून काढलेली ओली हळद वाफेवर शिजवावी लागते, मगच ती वाळवतात. भट्टीवरचा त्यांचा वाफेचा कुकर गावोगाव शेतात फिरायचा. सोबत ट्रॉलीवर बसवलेली पत्र्याची छोटी खोली असायची. तिला सगळे डबा म्हणत. डब्यात सुदाम आणि त्याची बायको अयोध्या राहत. उन्हात भट्टीजवळ उभं राहवत नाही, म्हणून सुदाम रात्रभर हळद शिजवी आणि दिवसा डब्यात झोपे. झोपे म्हणजे काय, तळमळे. पत्रा तव्यासारखा तापायचा आणि खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर यायचं.

अयोध्येनं भाऊंकडे टपावर टाकायला काहीतरी मागितलं. भाऊंनी मला पाठवलं. मला वाटलं, चला, सुटलो! पण भाऊंनी स्वतः उभं राहून मला बांधून घेतलं. निम्मा टपावर, निम्मा रस्त्याच्या बाजूच्या खिडकीवरून खाली. तोंड बरोबर रस्त्याकडे.

“येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे, कुकर कुणाचा हाय ते,” भाऊ म्हणाले.

खिडकी झाकली, अंधार झाला. पण माझा तो मरून रंग घटाघटा ऊन प्यायचा आणि सगळी धग आतल्या माणसावर ओतायचा. माझी मागची बाजू पांढरीशुभ्र. ती उन्हाकडे केली असती, तर ऊन आल्या वाटेनं परत गेलं असतं. हे मला कळत होतं, पण फ्लेक्सला कोण विचारतो?

एके दिवशी पहाटे सुदामला उभ्या उभ्या डुलकी लागली. वाफेचा पाइप निसटला. अयोध्येनं त्याला कॉलर धरून मागं ओढलं, म्हणून वाफ त्याच्या कानाजवळून गेली. क्षणभर उशीर झाला असता, तर डोळे गेले असते. अयोध्येनं धावत जाऊन वाफ बंद केली. ती म्हणाली, “आज झोपा. कसंबी करून झोपवते तुम्हाला.”

दिवस वर आल्यावर ती टपावर चढली. तुरीच्या वाळल्या काड्यांच्या, तुऱ्हाट्यांच्या, पेंढ्या पसरल्या, म्हणजे पत्रा आणि माझ्यामध्ये वारा खेळेल. मग मला सोडलं आणि पालथं घालून पुन्हा बांधलं. पांढरं अंग वर, भाऊंचं तोंड आत. पाण्याचा तांब्या ओतला. त्या दुपारी सुदाम घोरला, मित्रांनो! मी पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडलो.

तेवढ्यात जीप आली. भाऊ उतरले, मागून त्यांची आई नागाबाई.

“अयोध्ये, माझं तोंड कुठंय?”

“आत हाय, भाऊ. लई ऊन लागून राहिलं होतं तुमच्या तोंडाला. सावलीत केलं.”

ड्रायव्हर हसला आणि लगेच खोकल्यासारखं करू लागला. भाऊ लाल झाले. “सरळ कर! आत्ताच्या आत्ता!”

नागाबाई मात्र घाबरल्या. “पोरी, जित्या माणसाचा फोटू पालथा घालत न्हाईत गं. वंगाळ असतंय. लेकरू हाय माझं.”

“मावशी, फोटूतल्याला काय झालं न्हाई. पण ह्यो आतला आज आंधळा होता होता वाचला. झोपंबिगर भट्टीवर कसा धाडू याला? तुमीच बघा आत जाऊन.”

नागाबाई डब्यात वाकल्या. सुदाम तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. छातीवर हळदीचे डाग, पापण्या सुजलेल्या. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “इळा दे.”

मला पुढं काय होणार ते कळेना. त्यांनी माझी कड उचलली आणि विळ्यानं भाऊंचं तोंड चष्म्यासकट कापून काढलं.

“आये! मला कापून राहिलीस का?”

“तुला न्हाई रे मुडद्या, छपाईला. घे तुझं तोंड. आता ते पालथं बी न्हाई आन् उन्हात बी न्हाई. माणसाला झोपू दे.”

भोकावर अयोध्येनं दाभणानं पोत्याचा तुकडा शिवला. त्या टाक्यांनी मी दुखावलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा स्वच्छ वाटलं.

मित्रांनो, आम्हाला टांगायचं तर टांगा, पण काम झालं की उतरवा. कोणाचं तरी छप्पर, कोणाची तरी सावली करा. आणि पांढरी बाजू उन्हाकडे ठेवा. आत कोणाचा चेहरा येतो, याची पर्वा करू नका.

हरिओमभाऊ पुढं सरपंच झाले आणि त्यांचे फ्लेक्स आणखी मोठे झाले. नागाबाई दोन वर्षांनी गेल्या. त्यांच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर त्यांचा फोटो कोपऱ्यात बोटाएवढा आणि भाऊंचा भिंतीएवढा होता. तो पाहून मला जी शिसारी आली, ती सांगायला शब्द नाहीत. मी ठिकठिकाणी विरलो आहे, पण अजून त्याच डब्यावर आहे. आता सुदामनं डबा विकत घेतला आहे आणि तो घेऊन दुसऱ्याच्या कुकरवर कामाला जातो. त्याचे दोन्ही डोळे शाबूत आहेत. उन्हाळ्यात भर दुपारी कोणी हाक मारत आलं, तर अयोध्या बाहेर येते आणि दबक्या आवाजात म्हणते, “हळू बोला. माणूस निजलंय.”