डाव्या हातांचा वर्ग

ओबरलिंडाच्या शाळेला शंभर वर्षे पूर्ण होत होती आणि गावाला तातडीने एक उजळ भूतकाळ हवा होता. तो थिलोला सापडला. शाळेच्या माळ्यावरच्या काचेच्या निगेटिव्हवरून त्याने स्वतः छापलेल्या १९३७ सालच्या फोटोत चौथीचा अख्खा वर्ग हात उंचावून उभा होता; मात्र प्रत्येकाचा डावा. झेंडा तेवढा, वारा नसल्यामुळे, सौजन्याने स्वस्तिक घडीत मिटून लोंबत होता.

"डावा!" नगराध्यक्ष डेट्लेफ ब्रिंकमायर गहिवरले. "भर हिटलरशाहीत पोरांनी उजव्या हाताच्या सलामीची थट्टा केली! आणि ही दोन वेण्यांची मुलगी पाहा, शेजारच्या मुलाचं कोपर धरून त्याला धीर देतेय. थिलो, गावाचं सोनं केलंत तुम्ही."

आठवड्याभरात बंडखोरी गावच्या पाण्यातच असल्याचे निष्पन्न झाले. ज्यांचे आजोबा त्या काळी काय करत होते हे कालपर्यंत कोणालाच आठवत नव्हते, त्यांच्या आजोबांनी आता तळघरांत निषेधाच्या सभा भरवल्या होत्या. पितळी पाटी घडायला गेली. फोटोखालचा मजकूर लिहायचे काम गावच्या छोट्या संग्रहालयाचा एकुलता रखवालदार म्हणून थिलोकडे आले.

थिलोलाही हे सारे खरे हवे होते. दोन वेण्यांची ती मुलगी म्हणजे त्याची आजी, वाल्बुर्गा. तिनेच त्याला वाढवले होते. पण ती वर्षे तिने थंडीतल्या खिडकीसारखी घट्ट लावून घेतली होती. तिच्यावर एकही प्रश्न न विचारता प्रेम करता यावे, एवढीच त्याची हाव होती.

रविवारी कॉफीच्या वेळी त्याने फोटो तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावला.

"हे उलटं आहे रे, वेड्या."

"काय उलटं, आजी?"

तिने डाव्या भुवईवरच्या, घसरगाडीवरून पडल्याच्या जुन्या व्रणावर बोट ठेवले. फोटोत तो उजव्या भुवईवर होता.

"काच पालथी घातलीस तू. आमचे हात उजवेच होते. माझा सगळ्यांत ताठ. गुरुजींनी शाबासकी दिली होती."

"आणि तुला... आवडलं होतं ते?"

"खूप." साखर केव्हाच विरघळली होती, तरी तिचा चमचा कपात फिरत राहिला. "म्हणून तर कधी बोलले नाही."

थिलोने काच सुलटी करून फोटो पुन्हा छापला. खाली लिहिले: चौथीचा वर्ग, १९३७.

समारंभात पडदा सरला आणि टाळ्यांसाठी उचललेले हात अधांतरी राहिले. ब्रिंकमायर प्रथम सावरले.

"अहो थिलो, हा आपल्या गावचा फोटो नसेलच! पलीकडच्या गावची शाळा अशीच दिसायची. ती माणसं पहिल्यापासून तसलीच."

सभागृहाने सुटकेचा निःश्वास सोडला. एवढ्या गर्दीत एकालाही फोटोतले एकही मूल ओळखू येईना.

पुढच्या रांगेतून वाल्बुर्गाआजी काठी टेकत उठली. तिने फोटोवर बोट ठेवले.

"ही मी. आणि हा, डेट्लेफ, तुझा बाप. हात वर धरून धरून दमला होता बिचारा. म्हणून कोपराला मी टेकू दिला."

बँडवाल्यांना कोणी काही कळवले नव्हते. ठरल्याप्रमाणे त्यांनी आनंदाची धून सुरू केली. थिलो पुढे झाला. विचारायचे आता कितीतरी होते. त्याने तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला, आणि तिला हळूहळू खुर्चीपर्यंत नेले.