माती हलवायचं यंत्र

गुरुवारी सकाळी व्यंकोजींनी वहीतलं पान फाडलं आणि पुन्हा पहिल्यापासून तक्ता आखायला घेतला. डावीकडे तीन यंत्रांची नावं, वरती वजन, पात्यांची रुंदी, आवाज, हादरा. हादऱ्याच्या रकान्यापाशी ते नेहमी अडायचे. किती हादरा म्हणजे फार, हे कुठल्याही पुस्तिकेत दिलेलं नव्हतं. आणि अक्काचा उजवा खांदा किती सोसेल, हे अक्कालाच विचारायचं तर त्यांना जमत नव्हतं.

रविवार तीन दिवसांवर आला होता. रविवारी अक्काची मुलगी सुचेता पुण्याहून येणार होती, आईला घेऊन जायला.

अक्का म्हणजे कृष्णाबाई, त्यांची चार वर्षांनी मोठी बहीण. बारा वर्षांपूर्वी यजमान गेल्यावर ती जे. पी. नगरच्या या माहेरच्या घरी राहायला आली. व्यंकोजी तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयातून नुकतेच निवृत्त झाले होते. लग्न त्यांनी केलं नव्हतं. मुलगी बघायला जायचं ठरलं की त्यांना आदल्या दिवशी ताप भरायचा. घरामागे वडिलांनी घेऊन ठेवलेली अर्धी साइट, म्हणजे अर्धा प्लॉट, होती, तिच्यात कमरेइतकं गाजरगवत माजलेलं. अक्कानं आल्या आल्या आठवड्याभरात कुदळ मागितली. तेव्हापासून तिथे वांगी होती, मिरच्या होत्या, आणि थंडी सुरू झाली की अवरे, म्हणजे पावटे, ज्यांच्या वासानं शेजारच्या बायका भिंतीवरून डोकवायच्या. व्यंकोजींची खुर्ची मागच्या पडवीत असे. पुस्तकातून मान वर केली की मातीवर वाकलेली अक्काची पाठ दिसे. ती दिसली की ते पुन्हा पुस्तकात शिरत. बागेत मात्र त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. सुरुवातीला अक्काच म्हणाली होती, "तू नको येऊस, चपला खराब होतील," आणि ते त्यांना सोयीचं वाटलं होतं.

यंदा अक्काचा खांदा आखडला. आनेकलहून बसनं येऊन खणून देणारा माणूस एका कारखान्यात वॉचमन लागला. तांबडी माती उन्हाळाभर तापून विटेसारखी झाली होती.

"माती हलली नाही तर मी इथे बसून काय करू, व्यंकू? भिंती बघू?" अक्का पोळीला तूप लावता लावता म्हणाली. "त्यापेक्षा जाते सुचेताकडे. कधीची बोलावते आहे."

जाऊ नकोस, असं व्यंकोजींना म्हणायचं होतं. ते म्हणाले, "हल्ली छोटी यंत्रं मिळतात म्हणे."

"बघ मग."

त्या 'बघ मग'ला आज एकोणीस दिवस झाले होते. एकोणीस दिवस त्यांना नीट झोप नव्हती. वाचायला घेतलेल्या पुस्तकात खूण सतराव्या पानावरच अडकली होती. हलकं यंत्र घ्यावं तर ते कठीण मातीवर नुसतं उड्या मारतं. जड घ्यावं तर अक्काला पेलणार नाही. वायरवालं घ्यावं तर पात्यात वायर येण्याची भीती. प्रत्येक यंत्रासमोर त्यांना अक्का दिसायची, आणि मग तिच्यासमोर भरलेली बॅग.

बसवंतचं दुकान यशवंतपूरला, बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. बसवंत मूळचा चिकोडीकडचा, त्यामुळे मराठी बोलायचा. व्यंकोजींना कन्नडही मराठीइतकंच येत होतं. लाज मात्र दोन्ही भाषांत सारखीच वाटायची.

"या अण्णा," बसवंत म्हणाला. "ही चौथी खेप. आता तुमच्या नावाची खुर्चीच टाकून ठेवतो."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. व्यंकोजींनी वही छातीशी धरली.

"या मधल्याचं वजन साडेचौदा किलो लिहिलंय. ते पेट्रोलसकट की पेट्रोल सोडून?"

"सोडून. पेट्रोल भरलं की भराल तेवढं वाढणार."

"आणि हादरा…"

"अण्णा, मागल्या खेपेला हादरा झाला, त्याच्या आधी आवाज झाला. मला एक सांगा, चालवणार कोण?"

"माझी बहीण."

"वय?"

"चौऱ्याहत्तर." व्यंकोजींनी घाईनं पुढे जोडलं. "खांदा आखडलाय तिचा. म्हणून तर हादऱ्याचं विचारतो."

बसवंतनं हातातला पाना खाली ठेवला. "म्हणजे खांदा धरलेल्या अक्का यंत्र चालवणार. आणि तुम्ही काय करणार?"

व्यंकोजींना खोटं सुचलं नाही. "मी पुस्तिका वाचून दाखवणार."

या वेळी कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं.

व्यंकोजींनी वहीत पाहिलं. तक्त्यात एवढे रकाने होते, पण चालवणार कोण हा रकानाच नव्हता. निघून जावं असं वाटलं, पण निघून गेलं तर रविवार तसाच पुढे उभा.

"मी चालवीन," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

दुसऱ्यांदा म्हणणं फार कठीण गेलं. "मी. मीच चालवीन."

"सरी, चला तर मग," बसवंत म्हणाला आणि त्यांना दुकानामागे मातीच्या पट्ट्यावर घेऊन गेला. दोरी तिसऱ्यांदा ओढल्यावर मधलं यंत्र फटफटत सुरू झालं आणि व्यंकोजींना घेऊन निघालं. ते त्याच्यामागे धोतराचा सोगा सुटल्यासारखे धावले.

"ढकलू नका, अण्णा! त्याला मागे दाबून धरा, स्वल्प. ती मागची पट्टी मातीत रुतली की सावकाश जातं. म्हैस धरता तसं धरा."

"म्हैस मी कधी धरली नाही."

"मग वही धरता तसं."

तसं धरल्यावर यंत्र खरंच सावकाश चाललं.

शनिवारी ते टेम्पोनं घरी आलं. अक्कानं दारातूनच त्याला एकदा न्याहाळलं. "मी चालवणार आहे," व्यंकोजी म्हणाले.

"तू?"

"हो."

"बरं," अक्का म्हणाली आणि आत गेली. त्या 'बरं'चा अर्थ लावण्यात त्यांची संध्याकाळ गेली. माळ्यावरची बॅग खाली येऊन दिवाणावर बसली होती, तीही त्यांनी चार वेळा पाहिली.

रविवारी अक्का स्वयंपाकघरात उप्पिटाची तयारी करत होती. तिच्या देखत आपल्याला जमणार नाही, हे ठाऊक असल्यानं व्यंकोजी एकटेच मागे गेले. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या मातीत उभे राहिले. पुस्तिकेचं चौथं पान त्यांना पाठ होतं: यंत्र सुरू करण्यापूर्वी जमिनीवरील दगड, काटक्या व इतर टणक वस्तू दूर कराव्यात. त्यांनी तसं केलं. दगड उचलले, जुन्या पाइपचा तुकडा उचलला. मग करवंट्या. भिंतीलगत आणि समोरच्या बाजूला नारळाच्या करवंट्या पालथ्या ठेवलेल्या होत्या, एकीसमोर एक. खुर्चीतून त्या त्यांना नेहमी दिसत. अक्का टाकाऊ वस्तू साठवते, एवढंच त्यांना वाटत आलं होतं. त्यांनी सगळ्या गोळा केल्या, मातीनं भरलेल्या होत्या म्हणून नळाखाली धुतल्या आणि टोपलीत रचून ठेवल्या.

दोरीच्या दुसऱ्याच ओढीला यंत्र सुरू झालं. पाती मातीत शिरली, आणि विटेसारखी माती त्यांच्यापुढे रव्यासारखी फुटत गेली. एक फेरी, दुसरी, तिसरी. आपण काहीतरी चुकतो आहोत ही नेहमीची शंका सोबत होतीच, पण ती आता यंत्राच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हती. पाचव्या फेरीला वळताना दारात अक्का दिसली, हातात उलथनं, आणि तिच्यामागे खांद्याला बॅग अडकवलेली सुचेता. अक्का काहीतरी ओरडत होती. कौतुक करते आहे, असं वाटून व्यंकोजींनी एक हात वर केला, तर यंत्रानं त्यांना आणखी हातभर ओढलं. मग तिचा चेहरा पाहून त्यांनी बटण दाबलं.

"करवंट्या कुठे गेल्या?" अक्कानं विचारलं.

"नळापाशी. धुऊन ठेवल्यात."

"धुऊन," अक्का म्हणाली. ती खाली उतरली, वाकली आणि डाव्या हातानं मातीतून एक तुकडा उचलला. कापलेल्या बाजूनं तो पिवळाधमक होता. "हळद आहे. बारा दिवसांपूर्वी लावली मी. या टोकाला करवंटी, त्या टोकाला करवंटी, मधे हळदीची ओळ. आई असंच करायची. माहीत नाही तुला?"

"परसात तू जायचीस आईबरोबर. मी…"

"वाचत होतास. माहीत आहे."

"मामा, म्हणजे तुम्ही खुणाच धुऊन काढल्यात?" सुचेता हसू दाबत म्हणाली. "सॉरी, पण हे टू मच आहे."

व्यंकोजींना हसू आलं नाही. बावीस दिवस धावपळ करून त्यांनी नेमकं तेच केलं होतं, ज्यानं अक्का जाईल. याहून वाईट काही व्हायचं उरलं नव्हतं. म्हणूनच की काय, ते वाक्य एकदाचं बाहेर पडलं.

"चुकलो मी. यंत्र परत देऊन येतो. पण अक्का, तू जाऊ नकोस."

अक्कानं तुकडा पदराला पुसला. त्यांच्याकडे बघितलं नाही.

"सुचे, तिकीट काढलंस का माझं?"

"काढलंय ना, मंगळवारचं."

"रद्द होतं का?"

"होतं. पण आई, तू फोनवर काय म्हणाली होतीस?"

"म्हणाले असेन. हा एकटा आणि हे यंत्र असं ठेवून जाऊ? दिवाळीपर्यंत भिंतसुद्धा राहायची नाही. अवरे फुलू देत, मग बघू."

व्यंकोजी जागच्या जागी उभे होते. हळद काढायला यायला नऊ महिने लागतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. बारा दिवसांपूर्वी ते पडवीत बसून पात्यांची रुंदी ताडून बघत होते, तेव्हा समोर अक्का डाव्या हातात खुरपं घेऊन कण्हत कण्हत काहीतरी करत होती. नऊ महिन्यांचं काहीतरी. त्यांनी मान वर केली होती, पाठ पाहिली होती आणि पुन्हा तक्त्यात शिरले होते.

"बघतोस काय? चपला काढ आणि बस इथे," अक्का म्हणाली. "तुकडे वेच. ज्याला डोळा आहे तो परत लागतो. नसेल तो सुचेताकडे दे, भाजीत जाईल."

ते गुडघ्यांवर बसले. माती ऊन होती. त्यांनी एक तुकडा उचलून डोळ्यांजवळ धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"याला आहे का डोळा?"

"आहे."

"नक्की? हा फुगवटा, की त्याच्या बाजूचा?"

"व्यंकू," अक्का म्हणाली, "टाक मातीत."