पंधरा दिवसांची मोहोर

मी एक जुनी मोहोर आहे. तुम्ही मला शिक्का म्हणता, म्हणा. पण ऐकताना सरळ बसा. माझ्या कुळातल्या मोहोरांनी निजामाच्या अमलात कचेऱ्या चालवल्या. त्या घराण्यात जन्मून मी जे केले, ते आज सांगणार आहे.

बीडला कोर्टासमोर उत्तरेश्वर नावाचा कारागीर रबरी शिक्के करत असे. १९९६ साली त्याच्याकडे औषध कंपनीचा प्रतिनिधी युवराज आला. बाजार नुकताच खुला झाला होता आणि असे तरुण चकचकीत बॅगा घेऊन गावोगावी उतरत होते. त्याने माझ्यावर तीन ओळी कोरायला सांगितल्या: अफूच्या कुळातल्या एका वेदनाशामक गोळीचे नाव, दिवसातून तीन वेळा, पंधरा दिवस.

उत्तरेश्वरने चष्मा वर केला. "साहेब, रोगी अजून घरीच हाय अन् तुमी दिवस ठरविले बी?"

"मालक, तुम्ही कोरा. डॉक्टरला लिहायला वेळ नसतो."

ते खरे होते, हेच वाईट. सिरसाळ्यातल्या एका दवाखान्यात, अपघाताचे रोगी पाहण्याच्या खोलीत, युवराजची भेट म्हणून मी डॉ. केदारनाथांच्या उजव्या हाताशी जाऊन बसले. गाडीवरून पडलेला, बोट चेंगरलेला, भाजलेला. रांग संपत नसे. डॉक्टर जखमा मन लावून शिवत. पण शिवून झाले की कागदावर मला आपटत. मोडलेले हाड असो की मुरगळलेला पाय, दोघांनाही पंधरा दिवस. "ही आल्यापासून माझी बोटं वाचली," असे ते म्हणत, आणि मी मूर्ख फुलून जाई.

आषाढात आश्रुबा आला. लिंबाच्या फांद्या तोडताना कुऱ्हाड नडगीवर बसली होती. हा ऊसतोडीचा गडी. दर दसऱ्यानंतर बायकोसह टोळीत निघायचा. त्याला सात टाके पडले आणि कागदावर मी पडले. पंधरा दिवसांनी तो परत आला. पट्टी कोणी उघडून पाहिली नाही. मी पुन्हा पडले. मग तिसऱ्यांदा. मग चौथ्यांदा.

भाद्रपदात त्याची बायको दीपमाला आली. तिने ते चारही कागद टेबलावर ओळीने मांडले.

"डाक्टर, जखम कवाच भरली. पर गोळी चुकली की ह्यांचं अंग कापतंय, नाकातून पानी गळतंय, डोळ्याला डोळा लागत न्हाई. कावून?"

डॉक्टरांनी कागद जवळ ओढले.

"आन् ह्यात तुमचं अक्षर कुटं हाय, ते दावा मला."

चारही ठसे तंतोतंत सारखे होते. डॉक्टरांच्या हातची फक्त सही होती.

तिथल्या वयस्क परिचारिका साखराबाई शेजारी टाके काढत होत्या. त्यांनी हातातले काम संपवले, मला उचलले आणि ब्लेडने माझी तिसरी ओळ खरवडून काढली.

"सिस्टर, हे काय?"

"जागा मोकळी केली, सायेब. दिवस आता हातानं लिवा. लिवताना रोग्याकडं बघावं लागंल."

ब्लेड लागले तेव्हा मी संतापले. तो संताप साखराबाईंवर नव्हता. तो युवराजवर होता, डॉक्टरांवर होता, आणि चार वेळा निमूट कागदावर पडलेल्या माझ्यावर होता.

रिकामी जागा समोर आली की डॉक्टरांचे पेन थांबू लागले. पेन थांबले की ते विचारपूस करू लागले. कोणाला तीन दिवस, कोणाला दोन, पुष्कळांना साधी गोळी. मांडी मोडलेल्या म्हातारीला मात्र त्यांनी पुरेसे औषध दिले, कारण खऱ्या वेदनेपुढे हात आखडणे हाही अन्यायच. आश्रुबाची गोळी त्यांनी एकदम तोडली नाही. दर आठवड्याला बोलावून, स्वतः लिहून, हळूहळू उतरवली.

गोळी पुरती सुटेपर्यंत दसरा उलटला होता. टोळीचा मुकादम मुंजाजी आश्रुबाच्या दारात येऊन म्हणाला, "मला कापणारा हात पायजे, कापरा न्हाई." टोळी त्या जोडीला मागे ठेवून निघून गेली.

दिवाळीनंतर युवराज नवा शिक्का घेऊन हजर. "जुना खराब झाला म्हणे. ह्यात वीस दिवस आहेत."

"घिऊन जावा, भाऊ," साखराबाई म्हणाल्या. "आमच्या डाक्टरला लिव्हता येतं." डॉक्टरांनी मान खाली घातली आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

मित्रांनो, मी आता खणात पडून आहे. मला तुमची कीव नको. दवाखान्याचा कागद हाती आला की तो वाचा. ही गोळी कशासाठी, किती दिवस, बंद कशी करायची, हे डॉक्टरांना विचारा. लहान आहात म्हणून गप्प राहू नका. एका कष्टकऱ्याचा अख्खा हंगाम मी खाल्ला, आणि तो परत करण्याची सोय माझ्यात कोणी कोरली नव्हती.