चढवलेलं वजन

धम्मशीला मेश्रामला राग चटकन यायचा, पण तो बाहेर पडायला फार वेळ लागायचा. लंडनच्या हॅरो भागातल्या एका हॉस्पिटलात ती फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे दुखरे गुडघे आणि खांदे हातात घ्यायचे आणि वर गोड बोलायचं, हे तिचं काम, त्यामुळे राग गिळणं तिच्या अंगवळणी पडलेलं. मुलाच्या बाबतीतला रागसुद्धा तिने असाच दोन वर्षं गिळला. शेवटी मँचेस्टरमधल्या एका हॉलमध्ये, अनोळखी आईबापांच्या गर्दीसमोर, तो बाहेर पडला.

कबीर तिचा एकुलता एक मुलगा. हॅरोशेजारच्या पिनरमध्येच जन्मला, तिथेच वाढला आणि वाढतच राहिला. धम्मशीला आणि तिचा नवरा सुहास दोघंही बेताच्या उंचीची; हा मात्र साडेसहा फुटांवर जाऊन थांबला. मँचेस्टरला इंजिनिअरिंग करताना तो युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल टीमचा कॅप्टन झाला. एवढा धिप्पाड मुलगा, पण पाय असे हलके की समोरचा डावीकडे वळायच्या आत हा तिथे हजर. तरी पुढे व्यावसायिक बास्केटबॉल खेळायला त्याच्या जागेवर ही उंचीसुद्धा कमीच पडणार, हे त्याला कळून चुकलं होतं. शेवटच्या वर्षी तो जरा गप्प गप्पच असायचा.

त्याच वर्षी एका मॅचनंतर ग्रेग डॉसन त्याला भेटला. डॉसन अमेरिकन फुटबॉलची एक खासगी अकॅडमी चालवायचा. अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून खेळतात तो. त्यात बॉल फेकणाऱ्या खेळाडूपुढे पाच दांडगे गडी भिंतीसारखे उभे असतात. समोरून धावून येणाऱ्यांना अडवायचं, फेकणाऱ्यापर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. बॉलला त्यांचा हात सहसा लागतच नाही. त्यांना लाइनमन म्हणतात. डॉसन कॉलेजातले उंच, चपळ बास्केटबॉलवाले हेरायचा, वर्षभरात त्यांना लाइनमन बनवायचा आणि अमेरिकेतल्या टीम्सना दाखवायचा.

तो पिनरला घरी आला होता. तिने केलेले पोहे त्याने दोनदा मागून घेतले. मग कबीरला हॉलच्या मधोमध उभं करून तो सुहासला समजावून सांगायला लागला की असे पाय कुणाला शिकवता येत नाहीत, असे लांब हात बनवता येत नाहीत. वजन काय, ते चढवता येतं. कबीर शंभर किलोच्या थोडा वर होता, त्याला एकशे चाळीसच्या घरात न्यायचं. बोलता बोलता डॉसनने कबीरच्या दंडावर, मांडीवर थाप मारली. धम्मशीला रोज लोकांच्या अंगाला हात लावायची, पण आधी विचारून. तिची कानशिलं तापली. निवड झाली नाही तर काय, एवढंच तिने विचारलं. डॉसन हसून म्हणाला की मुलगा तरुण आहे, वजन काय, उतरेल.

सुहासला त्यात वावगं काही दिसलं नाही. मुलाचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळलाय, हे त्याला दिसत होतं. तेवढं तिलाही दिसत होतं.

मग खाणं सुरू झालं. अकॅडमीचं मैदान मँचेस्टरबाहेर होतं, पण सुट्टीला कबीर घरी आला की शेगडी दिवसभर गार व्हायची नाही. अंडी, चिकन, भाताचे डोंगर, वर पीनट बटर घातलेलं दूध. भूक असो नसो, खायचं. एकदा दुपारी तो ताटापुढे डोळे मिटून बसलेला तिने पाहिला. पोट भरलंय तर उठ, असं ती म्हणाली. मान हलवून त्याने पुढचा घास घेतला, आणि तिने आपलं पोरगं काम करावं तसं जेवताना पहिल्यांदा पाहिलं.

खरं सांगायचं तर एकदा ती प्रॅक्टिस पाहायला गेली होती आणि थक्क झाली होती. सगळं आयुष्य ताठ उभं राहून खेळलेला तिचा मुलगा खाली बसल्यासारखा वाकायचा, मागे मागे सरकत जायचा, आणि अंगावर येणाऱ्याच्या छातीवर दोन्ही पंजे असे रोवायचा की तो जागीच थांबायचा. बास्केटबॉलमधले पाय तेच, पण आता त्यांच्यावर एक डोंगर उभा होता. कबीर तिच्याकडे बघून हसला होता. ते हसू खरं होतं, आणि म्हणून तिने पुन्हा राग गिळला.

अमेरिकेतल्या एका टीमने त्याला निवडीच्या उन्हाळी कॅम्पला बोलावलं. जायच्या आठवड्यात मायलेकांचं वाजलं. निमित्त साधं होतं. जिना चढून आल्यावर तो धापा टाकत होता आणि तिने त्याचं ब्लड प्रेशर घेतलं. आकडा पाहून ती घाबरली, आणि घाबरली की ती चिडायची.

"तुझ्या पणजोबांना गावात कुणी नावाने हाक मारत नसे," ती म्हणाली. "मेलेलं ढोर ओढायचं असलं की यांची आठवण. अंग बघून काम ठरवायचे लोक. आपण इतके शिकलो ते कशासाठी? कुणी गोऱ्याने येऊन तुझ्या मांड्या चाचपाव्यात म्हणून?"

कबीरने दंडावरचा ब्लड प्रेशरचा पट्टा काढून तिच्या हातात दिला. त्याचं मराठी इंग्रजीच्या कुबड्या घेऊन चालायचं, आणि लिंगांचा घोळ दुरुस्त करायचं तिने केव्हाच सोडलं होतं.

"आई, ती तुझा स्टोरी आहे," तो म्हणाला. "मला कोणी फोर्स नाही केला. आय चोज इट. माझा बॉडी आहे."

ते शब्द तिला खुपले. तिने पट्टा गुंडाळून ठेवला.

ऑगस्ट संपायच्या आत त्याला परत पाठवलं. कॅम्पच्या दुसऱ्याच आठवड्यात उजवा गुडघा दुखावला होता. तसाच तो खेळत राहिला, आणि एके सकाळी त्याला ऑफिसात बोलावून आभार मानले गेले. हीथ्रोवर तो बाहेर आला तेव्हा सुहासने हात हलवला, आणि धम्मशीलाची नजर आधी त्याच्या चालीवर गेली. तो पाय वाचवून चालत होता.

खरी चीड त्यानंतर सुरू झाली. वजन चढवायला डॉसनकडे माणसं होती. आहार ठरवणारा एक, वजनं उचलायला लावणारा एक, आठवड्याला मोजमाप घेणारा एक. उतरवायला कुणीच नव्हतं. कबीर झोपेत घोरता घोरता श्वास अडकून दचकायचा. त्याला रोज नाकावर हवेच्या मशीनचा मास्क लावून झोपावं लागे. भूक मात्र चढवलेल्या वजनाचीच राहिली. नोकरीच्या मुलाखतीला जायला त्याच्या मापाचा सूट मिळेना, आणि मिळाला तेव्हा तो गेला नाही. त्याने डॉसनला फोन केले. डॉसनने उचलले नाहीत. मग अकॅडमीकडून पुढच्या प्रवासाला शुभेच्छा देणारा चार ओळींचा मेसेज आला. तो कबीरने आईला दाखवला नाही. त्याने सोफ्यावर ठेवलेल्या फोनवर तो तिनेच वाचला, आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याची कड घट्ट धरून उभी राहिली.

गुडघ्याला हात लावू दे, व्यायाम देते, असं ती म्हणाली की तो खोलीत निघून जायचा. एकदा जाता जाता म्हणाला, "मला तुझा पेशंट नको बनवू." सुहास तिला म्हणायचा की वेळ जाऊ दे, पोरगं आपलं आपण सावरेल. तिला त्या समजूतदारपणाचीसुद्धा चीड यायला लागली.

वसंतात अकॅडमीची जाहिरात तिच्या फोनवर आली. नव्या मुलांच्या पालकांसाठी रविवारी दुपारी मँचेस्टरमध्ये कार्यक्रम, कुणीही यावं. नेमका आदल्या दिवशी, शनिवारी, कबीर कॉलेजमधल्या साकेत नावाच्या मित्राकडे मँचेस्टरला गेला होता. रविवारी सकाळी ती कोट घालून निघाली तेव्हा सुहासने कुठे म्हणून विचारलं. तिने सांगितलं.

"तिथे जाऊन तमाशा करू नकोस," सुहास म्हणाला.

"करायलाच चाललेय," ती म्हणाली, आणि युस्टन स्टेशनवरून मँचेस्टरची गाडी पकडली.

मँचेस्टरला ट्रॅममधून उतरून ती हॉलमध्ये शिरली तेव्हा कार्यक्रम सुरू झाला होता. खुर्च्यांवर आईबाप, त्यांच्या शेजारी गुडघे कुठे ठेवावेत न कळणारी त्यांची लांबलचक मुलं. पुढे मॅट अंथरलेली. मॅटवर अकॅडमीचा टीशर्ट घालून एक प्रचंड माणूस वाकून मागे मागे सरकत होता, आणि तो कबीर होता.

ती भिंतीला टेकून उभी राहिली. क्षणभर तिला वाटलं, आपली जागा चुकली. डॉसन माइकवर सांगत होता की हा मुलगा त्यांच्यासारखाच बास्केटबॉल खेळायचा, आणि एका वर्षात हा अमेरिकेतल्या कॅम्पपर्यंत पोचला. टाळ्या पडल्या. कॅम्पमधून तो कसा परतला हे डॉसनने सांगितलं नाही, आणि कबीरही खाली बघत उभा राहिला. ज्याने त्याचे फोन उचलले नव्हते, त्याने एकदा बोलावल्याबरोबर हा धावत आला होता. दुखरा गुडघा घेऊन. डॉसनवरचा तिचा राग तेवढ्यापुरता मागे पडला आणि पोराच्या थोबाडीत द्यावी असं तिच्या मनात आलं.

प्रश्न विचारा म्हटल्यावर तिने हात वर केला नाही. ती सरळ बोलायलाच लागली. आवाज चढवला नाही. तिने इंग्रजीत विचारलं की या मुलांचं वजन चढवायला तुमच्याकडे माणसं आहेत, तर उतरवायला कोण आहे? निवड न झालेल्या मुलांचं पुढे काय होतं, कोण बघतं, किती दिवस बघतं? डॉसनने तिला ओळखलं नाही. त्याने सवयीने सांगितलं की मुलांची तब्येत हेच अकॅडमीचं पहिलं काम आहे. ज्याने हे अनुभवलंय तो समोरच उभा आहे, त्यालाच विचारू, असं म्हणत त्याने माइक कबीरच्या हातात दिला.

कबीरने आईकडे पाहिलं. त्या नजरेत इतका संताप होता की तिला वाटलं, आता हा खोटं बोलणार.

"ही माझी आई आहे," तो इंग्रजीत म्हणाला. हॉलमधल्या खुर्च्या करकरल्या. मग तो थांबत थांबत बोलला. त्याला हे काम आवडायचं, हे त्याने आधी सांगितलं. कुणाला तरी मागे ठेवून त्याच्यासाठी धक्के खाण्यात एक मजा आहे, ती त्याला बास्केटबॉलमध्ये कधी मिळाली नव्हती. पुन्हा संधी मिळाली तर तो पुन्हा करेल. "पण मी परत आलो तेव्हा माझा फोन कुणी उचलला नाही," तो म्हणाला. "मी मास्क लावून झोपतो. मॅटवर हे करून दाखवल्यामुळे उद्या मला जिना उतरता येणार नाही. उतरवायला कुणी नाही. तिने विचारलं, म्हणून सांगतो."

डॉसन हसला, काहीतरी म्हणाला, माइक परत घेतला. पुढे अर्धा तास कार्यक्रम चालू राहिला. उठून गेले ते दोनच बाप. बाकीचे बसून राहिले, आणि धम्मशीलाला त्यांचाही राग आला. बाहेर पडताना डॉसनने कबीरला पुन्हा येऊ नकोस असं शांतपणे सांगितलं, आणि टीशर्ट परत मागितला. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून कबीर निघाला.

लंडनच्या गाडीत तो तिच्या शेजारी बसला नाही. समोर बसला, दोन सीट व्यापून, खिडकीकडे तोंड करून. स्टोक स्टेशन मागे पडल्यावर बोलला.

"तू मला विचारायला पाहिजे होतं आधी."

"तू मला सांगायला पाहिजे होतंस तू तिथे जातोयस."

"तिथे मी फक्त फेल झालेला मुलगा नव्हतो, आई. एक दिवस. तो पण तू घेतला."

ती म्हणाली की त्याला आमिष म्हणून उभा केला होता, लाडाने नाही. तो म्हणाला, मला माहीत आहे. माहीत असून गेलास? हो, माहीत असून. मग तो परत खिडकीकडे वळला.

मिल्टन कीन्सच्या आसपास त्याचा फोन वाजला. हॉलमधली एक आई होती. निघताना तिने कबीरकडून नंबर घेतला होता, धम्मशीलाच्या नकळत. तिचा मुलगा अकॅडमीत जायचंच म्हणत होता, म्हणून तिने फोन त्याच्याकडे दिला. कबीरने त्याला जाऊ नको म्हणून सांगितलं नाही. निवड झाली नाही तर पुढे कोण बघणार ते आधी विचारून घे, डॉक्टर स्वतःचा ठेव, अकॅडमीचा नको, आणि गुडघा दुखला तर त्याच दिवशी सांग, असं सांगितलं. बराच वेळ बोलला. बोलताना त्याचा हात हवेत सरकत होता, पाय कसा ठेवायचा ते दाखवत. ती ऐकत बसली. तिचा राग कमी झाला नाही. फक्त तो आता एकट्या तिचा राहिला नव्हता.

पिनर स्टेशनवर जिना उतरताना त्याने कठडा धरला. ती दोन पायऱ्या खाली थांबली, पण हात पुढे केला नाही.

"तुझ्या हॉस्पिटलमध्ये दुसरी कोणीतरी असेल ना?" खाली आल्यावर त्याने विचारलं. "गुडघासाठी. तू नाही. दुसरी."

"आहे," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा कडक आहे."

"चालेल," कबीर म्हणाला, आणि अजून तिच्याकडे न बघता घराच्या दिशेने चालायला लागला.