मारोनी कमी पडले

मुनीर वनरक्षकाची परीक्षा पास झाला तेव्हा त्याच्या आईने गल्लीभर बकलावा वाटला होता. त्याला दोन वर्षं होत आली, तरी नेमणुकीचा पत्ता नव्हता. पास झालेल्यांत मुसलमान फार निघाले, ख्रिस्ती थोडे. तोल बिघडला म्हणून वरच्या साहेबांनी सगळ्यांच्याच नेमणुकांवरची सही अडवून धरली. लेबनॉनमध्ये नोकरी मागायला गेलं की आधी तुमचा देव विचारतात, मग नाव. झाडांना कोणीही राखलं तरी चालतं, पण झाडांना विचारतो कोण?

"ख्रिस्ती उमेदवार आण," कचेरीतला कारकून अबू वलीद म्हणाला. "पुरवणी परीक्षा निघालीय. तिकडची बाजू भरली की तुझंही मार्गी लागेल."

मुनीर तडक शेजारच्या ख्रिस्ती गावात जिर्यसकडे गेला. दोन्ही गावांच्या वरच्या पाइनच्या रानात लहानपणी दोघांनी मिळून शेळ्या चारल्या होत्या. जिर्यसचा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आलेला, तिकडे मामा वाट बघत होता.

"झाडं बघत बसायला का मी याला वाढवलं?" कॉफी ओतत जिर्यसची आई म्हणाली.

"सरकारी पगार आहे, मावशी. शिवाय पोरगा डोळ्यांसमोर राहील."

"तुला रे माझ्या पोराची एवढी काळजी कधीपासून?"

"माझी नेमणूक अडल्यापासून."

ती हसली खरी, पण डोळ्यांसमोर राहण्याची गोष्ट तिच्या मनात घर करून बसली. मग तिनेच मुलामागे टुमणं लावलं.

हिवाळाभर मुनीरने त्याच्याकडून घोकंपट्टी करून घेतली. वारा, उतार, वणवा अडवायचे पट्टे. जिर्यस वैतागायचा. "एवढं सगळं तुला येतं, मग माझी काय गरज?"

"तुझा बाप्तिस्मा हवाय, गाढवा. डोकं माझंच वापर."

जिर्यसने व्हिशाची मुदत जाऊ दिली आणि परीक्षा पास झाला. दोघे नवे शर्ट घालून कचेरीत गेले. अबू वलीदने कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"हा ऑर्थोडॉक्स आहे."

"म्हणजे ख्रिस्तीच ना?" मुनीरने विचारलं.

"ख्रिस्तीच. पण कमी आहेत ते मारोनी पंथाचे ख्रिस्ती. ऑर्थोडॉक्स आता जास्त झालेत."

"तुम्ही नुसतं ख्रिस्ती म्हणाला होतात."

"तेव्हा वरून तेवढंच आलं होतं. मारोनींची तक्रार मागाहून आली."

"म्हणजे माझ्यामुळे आणखी अडलं," जिर्यस म्हणाला. त्यावर अबू वलीदने दोघांसाठी चहा मागवला.

त्या उन्हाळ्यात रान पेटलं. राखणीला कुणी नव्हतंच, धूर दिसेपर्यंत आग उतारावर पसरली होती. दोन्ही गावांची माणसं ओली पोती घेऊन धावली, मुनीर आणि जिर्यस सर्वांत पुढे. काही उपयोग झाला नाही. अख्खा डोंगर काळा पडला.

पुढे अबू वलीदचा फोन आला. माणूस वाईट नव्हता, स्वतःहून कळवलं त्याने. त्या डोंगरावरची पदं रद्द झाली होती, कारण राखायला तिथे काही उरलं नव्हतं.

मुनीर जिर्यसच्या घरी गेला. आई दारात भाजी निवडत होती. तिला सांगितल्यावर ती खाली मान घालून देठ खुडत राहिली.

"जिर्यसला तू सांगू नकोस," ती म्हणाली. "मी सांगते. जाऊ नको म्हणून मीच गळ घातली होती."

तिने शिव्या द्याव्यात म्हणून मुनीर तिथेच उभा राहिला. तिने त्याला बसायला खुर्ची दिली.