हत्तीच्या सोंडेवरची टोपी

आमच्या टर्की हॉलोत चार जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ऊन असं पडतं की झाडांच्या सावल्यासुद्धा उठून ओसरीत येऊन बसतात. मी स्वतः एका ओकच्या सावलीला खुर्ची दिलेली आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी मिझुरीत यावं, येताना स्वतःची खुर्ची आणावी.

त्या दिवशी माझ्या पुतण्याच्या, रॉइसच्या, अंगणात आमचं सगळं टॅकेट घराणं जमतं. रॉइस हत्ती चिन्हवाल्या पक्षाचा. नुसता मत देण्यापुरता नाही, तर त्याने गॅसची जुनी टाकी कापून, झाळून अख्ख्या हत्तीच्या आकाराची भट्टी बनवली. पोटात मांस, सोंडेतून धूर, आणि शेपूट पिरगाळली की हवेची झडप बंद. त्याची धाकटी बहीण ओपल गाढव चिन्हवाल्यांची. दुसऱ्याच वर्षी तिने गाढवाची भट्टी आणून हत्तीशेजारी उभी केली. धूर कानांतून.

"कान बरे केलेस," रॉइस म्हणाला. "मला वाटलं, तुझा पक्ष बोलतो तिथूनच धूर काढशील."

"दादा, तुझ्या हत्तीचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठली हे आधी मतदारांना कळू दे," ओपल म्हणाली.

त्यांच्या बापाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, एक नियम घालून ठेवलेला. ज्याच्या मांसाचं ताट आधी रिकामं होईल त्याने जेवणानंतर भाषण करायचं, आणि बाकीच्यांनी तोंड मिटून ते संपेपर्यंत ऐकायचं. आजवर एकदाही ओपलची पाळी आली नाही. तिच्या डुकराच्या बरगड्या वाईट नसत, पण रॉइसच्या ब्रिस्केटचा, म्हणजे धुरावर शिजवलेल्या बैलाच्या छातीच्या मांसाचा, वास सुटला की थडग्यातले टॅकेट कूस बदलत.

यंदा मात्र ओपल काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, मंडळाच्या निवडणुकीला उभी होती, आणि आमच्या भागात टॅकेट नसलेला मतदार शोधायला कंदील लागतो. ते एक भाषण मिळालं तर निवडणूक तिची. नाही मिळालं, तर रॉइस नेहमीप्रमाणे कराबद्दल तासभर बोलणार आणि सगळे कलिंगड खाऊन घरी जाणार.

"होलिस काका," सकाळी ती मला म्हणाली, "तुम्ही तरी माझ्या बरगड्या आधी खा."

"खाईन की," मी म्हणालो. "पण पोरी, माझी जीभ कुठल्याच पक्षाचं ऐकत नाही."

ती हसली नाही. आपल्या नावाची पट्टी लावलेली गवती टोपी डोक्यावर दाबून ती गाढवापाशी जाऊन उभी राहिली.

जेवणाआधी आमच्याकडे झेंडा चढतो आणि राष्ट्रगीत होतं. रॉइसचा झेंडा एवढा मोठा की तो फडफडला की शेजारच्या गावातले कपडे वाळतात. गीत चालू असताना छातीवर हात आणि नजर झेंड्यावर. जो हलला त्याला मांस नाही आणि भाषणही नाही. हा रॉइसने स्वतः वाढवलेला नियम. मागच्या वर्षी डास चावला म्हणून मान खाजवणाऱ्या एका जावयाला त्याने कोरडा पाव खायला लावला होता.

गीत गायला आमची लर्लीन. आवाज चांगला, पण वरच्या सुरावर पोचली की तिला तिथलं घर आवडतं आणि ती खाली यायचं नाव घेत नाही.

निम्मं गीत झालं आणि हत्तीच्या पोटात चरबीने पेट घेतला.

आधी सोंडेतून काळा धूर आला, मग ठिणग्या, मग हातभर ज्वाळा. हत्ती शिंकल्यासारखा थरथरत होता. झेंड्याच्या खांबापाशी उभ्या रॉइसला हे सगळं डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होतं. त्याच्या कपाळावरून घाम धारेने वाहत होता, पण पुसणार कसा? नियम त्याचाच. आणि लर्लीन वरच्या सुरावर चढून बसलेली.

सगळ्यांत जवळ ओपल होती. ती जागच्या जागी उभी राहिली असती तर काही पापही नव्हतं. ब्रिस्केटचा कोळसा झाला असता, तिच्या बरगड्या संपल्या असत्या, भाषण तिचं झालं असतं. हलली तर कोरडा पाव. आणि निवडणुकीच्या वर्षात झेंड्यासमोर हललेली बाई म्हणून गावभर नाव.

मी तिच्याकडे बघत होतो, म्हणून सांगतो. तिचा उजवा हात छातीवरून सुटला नाही. मान झेंड्याकडून वळली नाही. ओठ गात होते. फक्त पाय खेकड्यासारखे आडवे सरकत गेले. डाव्या हाताने तिने हत्तीची शेपूट पिरगाळली, मग डोक्यावरची टोपी काढून सोंडेच्या तोंडावर गच्च बसवली. हवा कोंडली, आग गुदमरली. टोपी धुमसायला लागली तशी ओपल तशीच आडवी सरकत गाढवापाशी परतली. तेव्हा कुठे लर्लीन खाली उतरली.

"हलली!" रॉइसचे सासरे डेल्मर ओरडले. ते हत्तीवाल्यांतले जुने हत्ती. "ओपल हलली! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं!"

ओपलने मान खाली घातली. रॉइस हळूहळू भट्टीपाशी गेला, झाकण उघडून आत डोकावला. ब्रिस्केट काठावर करपलं होतं, पण आत शाबूत.

"सासरेबुवा," तो म्हणाला, "राष्ट्रगीत चालू असताना तुम्ही झेंड्याकडे बघत होतात ना?"

"म्हणजे काय! अर्थात झेंड्याकडेच!"

"मग ओपल कशी दिसली?"

डेल्मर तोंड उघडून तसेच राहिले. एक माशी आत जाऊन, फिरून, बाहेर आली.

"आणखी कोणी ओपलला हलताना पाहिलं?" रॉइसने विचारलं. टॅकेटांनी एकसुरात सांगितलं की त्यांना झेंड्यावरचे तारे आणि पट्टे सोडून काहीही दिसलं नाही. मीही सांगितलं. देशासाठी माणसाला कधीकधी खोटं बोलावं लागतं.

जेवणं झाली. करपलेल्या काठांसाठी तर हाणामारी झाली, आणि ब्रिस्केटचं ताट नेहमीप्रमाणे आधी रिकामं झालं. रॉइस भाषणाला उभा राहिला. ओपलने ताटातला मका इकडून तिकडे ढकलला. रॉइसने खिशातला कागद काढला, सोंडेवरच्या काळ्या झालेल्या टोपीकडे पाहिलं आणि खाकरला.

"माझा घसा धुराने बसलाय," तो म्हणाला. रॉइसचा घसा बसणं म्हणजे मिसिसिपी नदीला कोरड पडणं. "माझ्या जागी माझी बहीण बोलेल. तिला जे बोलायचं ते."

ओपल उठली आणि ओढ्यावरच्या पुलाबद्दल बोलली. तो पूल इतका अरुंद की जाड माणसाला दोन खेपा कराव्या लागतात. ती बोलली, बोलली. लोणचं मुरलं, दोन तान्ही पोरं रांगायला लागली. रॉइस तोंड मिटून बसला होता आणि कराचा विषय निघाला तेव्हा इतका फुगला की त्याच्या पट्ट्याचं बक्कल उडालं. तरी बोलला नाही.

भाषण संपलं. सगळे त्याच्याकडे वळले.

"पुलाचं बरोबर आहे," तो म्हणाला. "बाकी सगळं चूक."

"मग मत देशील, दादा?"

"गाढवाला? मेलो तरी नाही." त्याने रिकामं ताट तिच्यापुढे धरलं. "त्या बरगड्या आण इकडे. कोणी हात लावलेला दिसत नाही."

तिने वाढल्या. त्याने खाल्ल्या, बोटं चाटली, डेल्मर बघत नाहीत याची खात्री केली आणि ताट पुन्हा पुढे केलं.