पिठातला हात

कट्टकन आवाज झाला आणि सोनाली दचकली.

उंबऱ्यात बसून अर्पितानं कडक भाकरीचा तुकडा मोडला होता. दुपारचं घर इतकं गप्प होतं, की तेवढ्यानंही कुणी हाक मारल्यासारखं वाटलं. फोनवरचं बोलणं कधीच संपलं होतं, तरी सोनालीच्या हातात फोन तसाच होता.

"आई, आज मी खुर्चीत न्हाय बसले," अर्पिता भरल्या तोंडानं म्हणाली.

"शहाणी गं माझी बाय."

अंगणवाडीच्या बाईंनी कोपऱ्यात एक खुर्ची ठेवली होती. जे पोर चावेल, त्यानं सगळ्यांपासून लांब तिथं बसायचं. दात येताना अर्पिताला चावायची सवय लागली होती, ती अजून पुरती सुटली नव्हती. त्यामुळं घरी आली की आधी ही बातमी.

"बाईनं शाबास म्हणलं का?"

"हूं. तुला कोण ओरडलं फोनवर?"

"कुणी न्हाय."

खरंच कुणी ओरडलं नव्हतं. लातूरचा ठोक व्यापारी महांतेशअण्णा फार गोड बोलला होता.

माकणीच्या बायकांच्या कडक भाकरीच्या गटाची सोनाली अध्यक्ष. गट म्हणजे एक पत्र्याचं शेड आणि चुलींची रांग. प्रत्येक चुलीवर एक जोडी. एकीनं थापायचं, दुसरीनं भाजायचं. भाकरी आधी तव्यावर, मग निखाऱ्याच्या कडेला उभी करून पार वाळेपर्यंत शेकायची. थापणारीचा आणि भाजणारीचा हात एका लयीत चालला नाही तर भाकरी एक तर करपते नाही तर मऊ राहते. म्हणून जोड्या सहसा मोडत नसत.

पहिली जोडी सोनालीची आणि पौर्णिमाची. गटाचं नावसुद्धा नव्हतं तेव्हा दोघींनी सोनालीच्या अंगणात चूल मांडली होती. घरात मांडू असं तेव्हा कुणी म्हटलं नव्हतं, आणि पौर्णिमानंही विचारलं नव्हतं. पौर्णिमा थापायची. तिची भाकरी इतकी पातळ, की उन्हात धरली तर पलीकडचा हात दिसावा. अर्पिता पोटात असताना सोनालीला धूर सोसायचा नाही, तेव्हा पौर्णिमानं कितीदा थापणं आणि भाजणं दोन्ही एकटीनं ओढलं होतं. पुढं अर्पिता रांगायला लागली, तेव्हापासून पिठाच्या शेवटच्या उंड्याची एक चानकी, तळहाताएवढी इवली भाकरी, पौर्णिमा तिच्यासाठी थापायची. ती खाल्ल्याशिवाय पोर शेडमधून हलायचं नाही.

मशीनच्या भाकऱ्या बाजारात आल्या आणि जुनी गिऱ्हाइकं एकेक करून गळाली. दिवाळीपासून निम्म्या चुली थंड होत्या. अण्णाचं मोठं काम मिळालं तरच शेड तगणार, हे सगळ्याजणींना ठाऊक होतं.

गेल्या आठवड्यात तो स्वतः शेड बघायला आला होता. शेंगाचटणीबरोबर भाकरी खाल्ली. वा, वा म्हणाला. मग एकेकीला नाव, माहेर, आडनाव विचारत सुटला.

"अण्णा, आडनावं कशाला इचारताव? सोयरीक जुळवायलाव का काय?" गजराबाई म्हणाली. गटातली ती सगळ्यांत थोरली, आणि जिभेला हाड नसलेली. बायका पदर तोंडाशी धरून हसल्या.

पौर्णिमानं भाकरी थापायच्या काठवटीवरून मान वर केली. "पौर्णिमा कांबळे."

"बरं, बरं," अण्णा म्हणाला. हातातला तुकडा त्यानं ताटलीत परत ठेवला. चहा आला तर म्हणाला, "नको, पित्त होतंय मला."

तो तुकडा सोनालीनं तेव्हाच बघितला होता. आज फोनवर त्याला शब्द आले.

"ताई, माझ्या मनात तसलं काय बी न्हाय बघा. पण माल जातो लग्नाकार्यात, जत्रंत. उद्या एखाद्यानं इचारलं तर म्या काय सांगू? बाईला काढा म्हणत न्हाय. पॅकिंगला ठेवा, लिहायला ठेवा. तेवढा पिठात हात नको. सोमवारपासून काम सुरू करू."

आतून सासूबाई आल्या. कमलबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि जात्याजवळ बसत म्हणाल्या, "मग कर की तसं. काय बिघडलं? धुरात डोळं फोडण्यापरीस सावलीत बसंल ती."

"आत्या, तुम्ही खाता न्हवं तिच्या हातची?"

"खाते की. गुमान खाते. गावात सांगत सुटते का?"

सोनालीनं फोन खाली ठेवला. गेल्या महिन्यात धाराशिवला गटांच्या अध्यक्षांचं प्रशिक्षण झालं होतं. पडद्यावर अक्षरं उमटवत तिथल्या बाई सांगत होत्या: संस्था आधी, व्यक्ती नंतर. माणूस कमी करू नका, त्याची जागा बदला. ज्याला कडू निर्णयही गोड करून देता येतो, तोच खरा नेता. सोनालीनं ते मनापासून ऐकलं होतं. मांडीवर झोपलेली अर्पिता जागी होऊ नये म्हणून टाळ्या तेवढ्या वाजवल्या नव्हत्या.

संध्याकाळपर्यंत तिचा निर्णय झाला. तिला तो हुशारीचासुद्धा वाटला. पौर्णिमाला काढायचं नाही. वर चढवायचं.

दुसऱ्या दिवशी लोहाऱ्याहून तिनं निळी, हातांची खुर्ची आणली. जीपच्या टपावर बांधून. शेडच्या दाराशी टेबल मांडलं, नारळ फोडला, बायकांना गोल बसवलं.

"गट आता मोठा होणार. मालावर देखरेख ठेवायला जबाबदार माणूस पाहिजे. म्हणून आजपासून आपल्या पौर्णिमाताई सुपरवायझर!"

टाळ्या वाजल्या. गजराबाई म्हणाली, "आगं बया! आता हिला मॅडम म्हणावं लागतंय का काय? मॅडम, आमची रजा मंजूर करा, आमचं गुडघं दुखायलंत."

पौर्णिमा हसली नाही. तिनं विचारलं, "माझ्या जागी कोण थापणार?"

"शिवांजली." ती सगळ्यांत नवी मुलगी. तिनं खाली बघितलं.

"आणि चुलीवर एखादी आली न्हाय, तर मी बसू का तिच्या जागी?"

प्रश्न साधा होता.

"तशी... तशी वेळ येणार न्हाय."

गजराबाईनंसुद्धा पुढची चेष्टा गिळली. मग कुणीतरी नारळाचे तुकडे वाटायला घेतले.

बायका गेल्यावर पौर्णिमा नळावर काठवट घासत होती. सोनाली मागं जाऊन उभी राहिली.

"सोने," वर न बघता पौर्णिमा म्हणाली, "त्यानं तुकडा खाली ठिवला तवाच म्या वळखलं व्हतं. मला वाटलं, तू बघितलं न्हाय."

"शेड बंद पडलं असतं गं. सगळ्याजणींचं..."

"व्हय. सगळ्याजणींचं."

"तू न्हाय म्हण. मी आत्ता अण्णाला फोन लावते."

पौर्णिमानं नळ बंद केला. ओले हात तसेच समोर धरून ती उभी राहिली.

"म्या न्हाय म्हणायचं? म्हंजी उद्या शेड बंद पडलं तर ते पौर्णिमामुळं. निर्णय तुझा हाय, अध्यक्षबाई. तो माझ्या पदरात टाकू नगंस."

सोनालीनं फोनकडं गेलेला हात मागं घेतला.

"काढून टाकली असतीस तर भांडले तरी असते," पौर्णिमा हळू म्हणाली. "बढतीशी कसं भांडावं माणसानं? सोडून गेले तर लोक म्हणतील, बघा, खुर्ची दिली तर हिला मस्ती आली. म्या येणार सोमवारी. घरात लेकरं हायत मला बी."

तिनं काठवट पालथी घातली. पुसली. ती तिची स्वतःची होती, माहेराहून आणलेली. काखेत घेऊन ती घरी गेली.

सोमवारी सगळ्या चुली पेटल्या. कितीतरी दिवसांनी शेड धुरानं आणि बोलण्यानं भरलं. पोत्यांतून पीठ येत होतं, दाराशी खोकी रचली जात होती. गजराबाई गाणं म्हणत होती. सोनालीला आनंद व्हायला हवा होता.

शिवांजलीचा हात वाईट नव्हता. पण सोनाली तवा तापला म्हणून वर बघायची तेव्हा भाकरी अजून थापून झालेली नसायची, आणि भाकरी आली की तवा निवलेला. दोनदा भाकरी करपली. "सॉरी वयनी," शिवांजली दर वेळी म्हणायची. तिची काहीच चूक नव्हती.

पौर्णिमा खुर्चीत ताठ बसून होती. इस्त्रीची साडी नेसून आली होती. खोकं आलं की बघायची, पेननं खूण करायची. मधल्या वेळात हात टेबलावर ठेवायची, मग मांडीवर घ्यायची, मग परत टेबलावर. नखांच्या कडांना कायम असायचं ते पीठ आज नव्हतं. कुणी पाणी मागितलं तर उठू लागायची आणि परत बसायची. दोघी दिवसभर एकमेकींशी कामाचंच बोलल्या. पौर्णिमा तिला 'अहो अध्यक्ष' म्हणाली. चिडून नाही. तेच जास्त लागलं.

उन्हं कलली तशी अर्पिता कमलबाईंचं बोट सोडून धावत आली. नेहमीप्रमाणं चुलीजवळ गेली. पौर्णिमाच्या जागी शिवांजली दिसली तशी थबकली. इकडंतिकडं बघून दाराशी आली आणि तळहात पुढं केला.

"मावशी, चानकी."

पौर्णिमानं त्या तळहाताकडं बघितलं. मग शेडच्या पलीकडून सोनालीकडं. शेवटचा उंडा शिवांजलीच्या काठवटीत होता. सगळ्यांचे हात थांबले होते. सोनालीला एवढंच म्हणायचं होतं, ये गं, थाप एक. एवढंच. तिचे ओठ हललेसुद्धा. दाराबाहेर अण्णाचा टेम्पो लागलेला होता आणि त्याचा ड्रायव्हर आत बघत उभा होता.

सोनालीनं तव्यावरची भाकरी उलटली.

पौर्णिमानं अर्पिताची इवली बोटं मिटवली, मूठ करून परत तिच्या हाती दिली. "आज न्हाय बाळा. मावशीला लिहायचंय."

अर्पिता हलली नाही. तिनं निळ्या खुर्चीकडं बघितलं, तिच्या हातांकडं, टेबलाकडं, बाकीच्या बायका बसल्या होत्या त्या चुलींकडं. किती लांब आहे ते बघितलं. मग पावलं न वाजवता ती आईजवळ आली, तिच्या धुरकट पदराला धरून उभी राहिली आणि बाई ऐकतील म्हणून वर्गात बोलतात तशा दबक्या आवाजात तिनं विचारलं,

"आई, मावशी कुणाला चावली?"